ईबीसीवाले, उभे राहा

ऑगस्टच्या मध्यावर इथल्या शाळा उघडतात तेव्हा फ्रेझ्नोच्या दक्षिणेला द्राक्षं उतरायला आलेली असतात. जवळचं सेल्मा गाव स्वतःला 'जगाची बेदाणा राजधानी' म्हणवतं. वेलींच्या दोन ओळींमधल्या मातीवर कागद अंथरून त्यावर घड पसरतात आणि पुढचं काम ऊन करतं. आमच्या तासगावला बेदाणा शेडमधल्या जाळ्यांवर वाळतो. रीत निराळी असली तरी सप्टेंबरात गाडीची काच खाली केली की येणारा वास अगदी ओळखीचा आहे. कॅलिफोर्नियाच्या या भागात येऊन मला बरीच वर्षं झाली, आणि दर वर्षी याच वासाच्या दिवसांत माझं सगळ्यात नाजूक काम सुरू होतं.

मी इथल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या कचेरीत आकडेवारी सांभाळतो. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. आसपासच्या काही शाळांचा मिळून एक कारभार. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे पुष्कळ रकाने असतात. जन्मतारीख, घरची भाषा, हजेरी, गुण. त्यातच एक रकाना आहे, मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र आहे की नाही याचा. उत्तर फक्त होय किंवा नाही. जेवणासाठी केलेला हा रकाना अमेरिकेत गेली कित्येक दशकं मुलाच्या गरिबीचा दाखला म्हणून वापरला जातो. शाळेला जादा पैसे द्यायचे, दोन शाळांच्या निकालांची तुलना करायची, शाळांच्या इंटरनेट बिलात केंद्राने किती सूट द्यायची, सगळीकडे हाच आकडा. घर घेऊ पाहणारी माणसंसुद्धा वेबसाइटवर शाळेच्या नावाखाली तो बघतात आणि ती वस्ती कशी असेल ते मनाशी ठरवून टाकतात.

हा रकाना पहिल्यांदा समोर आला तेव्हा मला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही. मी आठवीत असताना अशाच एका रकान्यात होतो.

१९८६ची गोष्ट. वडील शिंपी. पेठेत भाड्याचं दुकान, एक पायमशीन. आमच्या हायस्कुलात जून संपता संपता ईबीसीचे फॉर्म यायचे. आर्थिकदृष्ट्या मागास म्हणून फी माफ. फॉर्मला तहसील कचेरीतला उत्पन्नाचा दाखला जोडायचा, आणि दाखल्यावर एकच आकडा लागायचा, वार्षिक उत्पन्न. वडिलांना तो आकडा सांगता येईना. दिवाळीच्या आधी महिनाभर रात्री दोनपर्यंत मशीन चालायची, लग्नसराईत बरं असायचं, आणि आषाढ-श्रावणात दिवसभरात एखादी विजार अल्टर करायला यायची. वर्षाचं म्हणून असं काही नव्हतंच. कारकुनाने त्यांच्याकडे बघून स्वतःच एक आकडा लिहिला. तो खरा होता की नाही हे आम्हा कोणालाच कधी कळलं नाही.

फॉर्म मंजूर झाला. मग एके दिवशी वर्गशिक्षक हातात यादी घेऊन आले आणि म्हणाले, "ईबीसीवाले, उभे राहा." कशावर तरी सह्या घ्यायच्या होत्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. ते चांगले शिक्षक होते, पुढे मला त्यांनी स्वतःची गणिताची पुस्तकं दिली. पण आम्ही अकरा जण उभे राहिलो आणि बाकीचा वर्ग बसून आमच्याकडे बघत राहिला. सह्या व्हायला पाच मिनिटं लागली असतील. माझ्या शेजारी बसणारा, ज्याच्या डब्यातलं मी रोज खायचो, तो त्या पाच मिनिटांत दप्तरात काहीतरी शोधत राहिला. माझ्याकडे बघावं लागू नये म्हणून.

नववीत फॉर्म मिळाला तो मी घरी दिलाच नाही. यंदा ईबीसी बंद झालं, असं सांगितलं. वडिलांनी काही विचारलं नाही. दर महिन्याला फी भरली. त्या वर्षी दुकानाचं भाडं वाढलं होतं आणि समोरच रेडिमेड कपड्यांचं दुकान झालं होतं. म्हणजे आठवीत आम्ही कागदोपत्री गरीब होतो, आणि नववीत, जेव्हा खरोखर जास्त गरीब झालो, तेव्हा कागदावरून पुसले गेलो. पुसणारा मी. ही गोष्ट मी वडिलांना ते असेपर्यंत सांगू शकलो नाही.

म्हणून हायस्कूलमध्ये गेल्यावर फॉर्म परत येण्याचं प्रमाण घसरतं, हे इथल्या अहवालात वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. प्राथमिक शाळेतली मुलं आईने दिलेला कागद बाईंच्या हातात नेऊन देतात. चौदा वर्षांचा मुलगा तो दप्तराच्या तळाशी ठेवतो.

अमेरिकेत शाळेतलं जेवण आलं ते काही गरिबी मोजायला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या भरतीत कुपोषणामुळे तरुण नाकारावे लागत होते, ही गोष्ट भरतीखात्याचे प्रमुख जनरल लुईस हर्शी यांनी संसदेच्या समितीपुढे मांडली. दुसरीकडे शेतमालाचे भाव टिकवायचे होते. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ४ जून १९४६ रोजी राष्ट्रीय शालेय भोजन कायद्यावर सही केली. त्या कायद्याच्या हेतूतच राष्ट्रीय सुरक्षा, मुलांचं आरोग्य आणि शेतमालाचा खप या तिन्ही गोष्टी आहेत. ज्यांना परवडत नाही त्यांना फुकट किंवा कमी पैशांत जेवण द्या, असं त्यात होतं. पण कोणाला परवडत नाही हे गावोगावचे अधिकारी ठरवत. कुठे मास्तरांच्या अंदाजावर, कुठे वेगळ्या रंगाच्या तिकिटावर. १९७० साली संसदेने देशभर एकच उत्पन्नाची अट आणली आणि फुकट जेवणारं मूल इतरांना ओळखू येईल असं काही करायला बंदी घातली. मी हे वाचलं तेव्हा तारखेपाशी थांबलो. माझा जन्म १९७३चा. मी तासगावात उभा राहिलो त्याच्या सोळा वर्षं आधी इथे कोणालातरी ते पाच मिनिटांचं उभं राहणं कळलं होतं, आणि त्याने ते कायद्यात लिहून ठेवलं होतं. पुढे सगळीकडे यंत्रं आली. मूल आपला क्रमांक दाबतं, पैसे कोण भरतं ते पडद्यामागे राहतं. तरी मुलांना कळायचंच. ज्याच्या खात्यात पैसे संपले त्याच्या हातातला गरम जेवणाचा ट्रे काढून घेऊन त्याला थंड चीज सँडविच द्यायचे, असे प्रकार होत राहिले. ते थांबवणारा पहिला कायदा न्यू मेक्सिको राज्याने केला, तोही २०१७ साली.

आज ज्या अटी आहेत त्या १९८१च्या. घरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत. १३० ते १८५ टक्क्यांच्या मध्ये असेल तर सवलतीत, जास्तीत जास्त ४० सेंटला. २०२४-२५ या शालेय वर्षात चौघांच्या कुटुंबासाठी ही रेषा ३१,२०० डॉलर होती, म्हणजे मोफत जेवणाची मर्यादा ४०,५६० आणि सवलतीची ५७,७२०. अलास्का आणि हवाई सोडले तर साऱ्या देशाला एकच आकडा. मिसिसिपीतल्या खेड्यात जो, तोच सॅन फ्रान्सिस्कोत, जिथे तेवढ्यात वर्षाचं घरभाडंही जेमतेम निघतं.

ही रेषा कुठून आली याचा शोध घेताना मला मॉली ओर्शान्स्की भेटल्या. सोशल सिक्युरिटी खात्यात आकडेवारीचं काम करणारी बाई. म्हणजे माझ्याच धंद्यातली. १९१५ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात युक्रेनहून आलेल्या ज्यू कुटुंबात जन्म, घरात बहिणी पुष्कळ आणि पैसा थोडा. गरिबीचं माप काढायचं तर सुरुवात कशापासून करायची? त्यांनी जेवणापासून केली. कृषी खात्याकडे सगळ्यात स्वस्त अशी एक आहारयोजना होती. पैसे कमी असतील तेव्हा तात्पुरती, अडीअडचणीला वापरण्यासाठी म्हणून आखलेली. १९५५च्या पाहणीत कुटुंबं कमाईचा सुमारे तिसरा हिस्सा खाण्यावर खर्च करतात असं दिसलं होतं. म्हणून त्या आहाराच्या खर्चाची तिप्पट, ती गरिबीची रेषा. १९६०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी हे मांडलं, १९६९मध्ये सरकारने ते अधिकृत केलं, आणि तेव्हापासून महागाईनुसार वाढवत तीच रेषा चालू आहे. आता घरभाडं, दवाखाना, पाळणाघर यांनी कमाईचा केवढा भाग खाल्लाय हे त्या रेषेला ठाऊक नाही.

मला या गोष्टीत फार जवळचं काही सापडलं. गरिबी मोजायला त्या बाईने थाळीचा हिशेब घेतला, आणि मग त्या मापाने दुसऱ्या कोणीतरी मुलांच्या थाळ्या वाटल्या, आणि वाटलेल्या थाळ्या मोजून तिसरा सांगू लागला की मुलं किती गरीब आहेत. मी त्या साखळीच्या शेवटच्या टोकाला बसलोय.

या आकड्यावर माझा राग आहे का? आहे, आणि तरी मी त्याचा वकीलही आहे. राग कशाचा ते आधी सांगतो. २०१५च्या जानेवारीत बातमी गाजली की अमेरिकेच्या सरकारी शाळांत आता निम्म्याहून अधिक, ५१ टक्के, मुलं गरीब आहेत. सदर्न एज्युकेशन फाउंडेशनने २०१३च्या याच रकान्यावरून तो आकडा काढला होता. त्याच सुमारास दारिद्र्यरेषेखालच्या मुलांचं देशातलं प्रमाण साधारण पाचातलं एक होतं. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे. पण १८५ टक्क्यांपर्यंतच्या सगळ्यांना एकाच शब्दात कोंबलं की ज्या घरात दोघं कमावतात आणि महिनाअखेर ओढाताण होते, ते घर आणि ज्या घरातलं मूल रात्री गाडीत झोपतं, ते घर एकच होऊन जातं.

मिशिगन राज्यात कॅथरीन मिशेलमोर आणि सुझन डायनार्स्की या दोघींनी एक साधी, सुंदर गोष्ट केली. आठवीतल्या मुलांच्या नोंदी त्यांनी पार बालवर्गापर्यंत मागे नेऊन पाहिल्या. आठवीच्या त्या वर्षी जवळजवळ निम्म्या मुलांपुढे 'होय' होतं. बालवर्गापासून एकही वर्ष न चुकता 'होय' असलेली मुलं मात्र १४ टक्केच. आणि ही मुलं अभ्यासात इतर 'होय'वाल्यांपेक्षाही खूप मागे होती. म्हणजे रकाना रिकामटेकडा नव्हता. त्याला फक्त एका वर्षापुरतं बघायची सवय लावली होती आपण. त्यांचा लेख वाचल्यावर मी आमच्याकडची जुनी वर्षं जोडून अशीच एक यादी केली. यादीतल्या काही मुलांना मी आडनावाने ओळखत होतो. त्यांच्या आया द्राक्षाच्या ओळींत कागद अंथरतात.

वकिली अशासाठी की २०१८ साली थर्स्टन डोमिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑरेगॉनमधल्या आणि कॅलिफोर्नियातल्या एका डिस्ट्रिक्टमधल्या मुलांच्या नोंदी प्राप्तिकर खात्याच्या आकड्यांशी जोडून बघितल्या. अपेक्षेप्रमाणे उत्पन्नाचं माप म्हणून हा रकाना अगदी ढोबळ ठरला. पण मूल शाळेत किती मागे पडतंय याबद्दल त्याला असं काही कळत होतं जे कराच्या विवरणपत्रातून दिसत नव्हतं. ते काय असावं, हे मला वाटतं मी सांगू शकतो. फॉर्म भरणं ही एका घराने केलेली कबुली असते. यंदा भागत नाही, हे कोणीतरी रात्री दिवा लावून, घरात माणसं किती ते मोजून लिहिलेलं असतं. आमच्या तहसीलच्या कारकुनाने टाकलेला आकडा खोटा असेल, पण वडील त्या कचेरीच्या पायरीवर चार तास बसले होते ते खोटं नव्हतं.

आता सगळं बदललंय. २०१०च्या कायद्याने एक वाट काढली, २०१४पासून ती देशभर खुली झाली. ज्या शाळेतली पुरेशी मुलं सरकारी अन्नमदत घेणाऱ्या घरांतली, सांभाळासाठी दुसऱ्या, म्हणजे फॉस्टर, कुटुंबात ठेवलेली किंवा बेघर आहेत, तिथे कोणाकडून फॉर्म न घेता सगळ्यांनाच मोफत जेवण. सुरुवातीला हे प्रमाण ४० टक्के लागायचं, २०२३मध्ये ते २५वर आणलं. कोविडमध्ये २०२० ते २०२२ देशातल्या कुठल्याही मुलाला जेवणाचे पैसे पडले नाहीत. ती सोय संपली तेव्हा कॅलिफोर्निया आणि मेन या राज्यांनी आपल्या खर्चाने ती पुढे चालू ठेवली. मागाहून आणखी राज्यं आली. यातल्या मिनेसोटाची बातमी वाचताना मला फिलांडो कॅस्टिल आठवला. सेंट पॉलच्या शाळेत जेवणघर सांभाळणारा, मुलांच्या खात्यात पैसे कमी पडले की खिशातून भरणारा. २०१६मध्ये पोलिसाच्या गोळीने तो गेला. त्याच्या नावाने लोकांनी मुलांची जेवणाची थकबाकी भरायला पैसे जमवले. सात वर्षांनी त्याच राज्यात थकबाकी हा शब्दच जेवणघरातून जाण्याची वेळ आली.

माझी मुलगी इथेच हायस्कूलला आहे. पहिली काही वर्षं पोळीभाजीचा डबा न्यायची. मग म्हणाली, बाबा, मी तिथेच खाते, सगळे खातात. एकदा काही कामाने मी दुपारी तिच्या शाळेत गेलो होतो. जेवणाची लांबलचक रांग. डॉक्टरची पोर, पॅकिंग हाऊसमध्ये काम करणाऱ्या बाईचा पोर, माझी मुलगी. मी तिथे जरा जास्तच वेळ उभा राहिलो. माझं सगळं आयुष्य नावापुढे 'होय'-'नाही' लावण्यात गेलं, आणि त्या रांगेत मला कोण कोण आहे ते सांगता येईना. इतका आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता.

मात्र कचेरीत परत आल्यावर रकाना समोर होताच. कॅलिफोर्नियात २०१३पासून शाळांना पैसे देण्याची नवी पद्धत आहे. गरीब, इंग्रजी शिकणारं किंवा फॉस्टर कुटुंबात वाढणारं मूल असेल तर त्याच्यामागे ठरलेल्या रकमेच्या २० टक्के जादा. अशी मुलं ५५ टक्क्यांच्या वर गेली की त्यावरच्या प्रत्येकामागे आता आणखी ६५ टक्के. एक मूल दोन-तीन कारणांनी बसलं तरी मोजायचं एकदाच. या पैशांतून समुपदेशक येतात, उशिरापर्यंत वाचनालय उघडं राहतं, गावाबाहेरच्या वस्तीवरून बस येते. पूर्वी जेवणासाठी म्हणून घरं फॉर्म भरायची, आणि शाळेचे पैसे त्याच्या मागोमाग यायचे. आता जेवण सगळ्यांना, मग फॉर्म कोण कशाला भरेल? आमच्यासारख्या ठिकाणी तोच मजकूर 'कौटुंबिक उत्पन्नाचा फॉर्म' म्हणून जातो. जेवणाशी त्याचा काही संबंध नाही, हे त्यावर ठळक लिहावं लागतं, आणि ते वाचून माणसं तो बाजूला ठेवतात. देशाच्या आकडेवारीत तर कित्येक शाळांपुढे सरळ १०० टक्के लागतं. त्या शाळेत खरोखर गरीब किती, ते त्या शंभरात बुडून जातं.

सरकारी अन्नमदत किंवा आरोग्ययोजना घेणारी घरं आम्हाला राज्याच्या याद्यांतून आपोआप कळतात. राहतात ती अशी घरं, जी काहीच घेत नाहीत. काही हक्क नाही म्हणून, काही भीतीने, काही स्वभावाने.

माझी धाकटी मावशी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. १९९५च्या १५ ऑगस्टला केंद्राची योजना आली आणि महिन्याला मुलामागे तीन किलो तांदूळ शाळेत वाटायला लागले; अट ८० टक्के हजेरीची. तराजू तिच्या हातात. सरपंचाच्या नातवाला तीन किलो, धनगरवाड्यावरच्या मुलीलाही तीनच. कोण गरीब हे कोणी विचारलं नाही, म्हणून कोणी लपवलंही नाही. लपवालपवी झाली ती हजेरीत. अंगात ताप असलेली पोरं येऊन बसायची, आणि मावशी एखाद्या मुलीचा एक दिवस वाढवून लिहायची. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २००१च्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न आलं, खिचडी आली. मावशीला मी एकदा फोनवर विचारलं होतं की मग तुला गरीब मूल कळायचं कसं? ती म्हणाली, "सोमवारी किती खातंय त्यावरून." शनिवारी दुपारनंतर घरी काय शिजलं असेल ते तिला सोमवारच्या ताटावरून कळायचं. हे तिने कुठल्या रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. लिहायला रकाना नव्हता.

तर गेल्या सप्टेंबरात मी एका पंजाबी गृहस्थांना फोन केला. इकडे शिखांची वस्ती मोठी आणि जुनी. त्यांचा मुलगा आठवीत. इंग्रजी फर्डं, त्यामुळे त्या कारणाने तो मोजला जाणार नव्हता. घरात सात माणसं, कमावणारे ते एकटे, बेदाण्याच्या पॅकिंगला. मी हिंदीत बोलायला लागलो तेव्हा मोकळे झाले. फॉर्मचं नाव काढल्यावर म्हणाले, "खाना तो सबको मुफ़्त है ना जी? फिर ये काग़ज़ किसलिए?" मी सगळं समजावलं. पैसे तुमच्या हातात येणार नाहीत, शाळेला मिळतील. नागरिकत्वाचा प्रश्न त्यात नाही. मुलाला वर्गात कोणी काही म्हणणार नाही, कोणाला कळणारही नाही. ते ऐकून घेत होते. मग विचारलं, "सालाना कितना लिखूँ? आजकल तो ओवरटाइम है. जनवरी में कुछ नहीं रहता."

हंगामी कामगाराला वर्षाचा अंदाज लिहायची मुभा आहे. मी तसं सांगितलं. पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मागे मुलाचा आवाज आला, इंग्रजीत, वडिलांना काहीतरी विचारत होता. त्यांनी त्याला पंजाबीत काय सांगितलं ते मला समजलं नाही. मग मला म्हणाले, "सोचता हूँ जी. हमने कभी किसी से लिया नहीं."

मी आणखी एकदा फोन केला, मुलाच्या हाती नवा फॉर्म पाठवला. तो घरी पोचला की दप्तराच्या तळाशी राहिला, मला माहीत नाही. विचारावंसं वाटलं होतं, पण मी विचारलं नाही.

ऑक्टोबरचा पहिला बुधवार हा राज्याचा मोजणीचा दिवस. मी रात्री उशिरापर्यंत बसून यादी पुन्हा तपासली. त्या मुलाच्या नावापुढे 'नाही' आहे. दुपारी तो नेहमीसारखा रांगेत होता. जेवणघरातल्या बाईंना मी उगाचच विचारून घेतलं. जेवला, म्हणाल्या, आणि दूध दुसऱ्यांदा मागून घेतलं.